दोन्ही कान झाका

ज्या माणसाचा ती कित्येक दिवस मनातल्या मनात उद्धार करत होती, तो एके दिवशी सकाळी तिच्याच टेबलासमोर येऊन बसला आणि म्हणाला, "कान तपासायचे आहेत."

चेहरा ओळखीचा नव्हता. जरा विस्कटलेले केस, शर्टाचं एक बटण तुटलेलं. पण त्या वाक्यातला शेवटचा शब्द त्याने असा काही अलगद खाली ठेवला, की तिच्या हातातलं पेन जागच्या जागी थांबलं. हा आवाज तिने झोपेतही ओळखला असता. तळपायाची आग मस्तकात जायला जिना लागत नाही, हे तिला त्या क्षणी कळलं.

"काय होतंय कानांना?" तिने आवाज शक्य तितका सपाट ठेवून विचारलं.

"काही नाही हो. आमच्याकडे दर वर्षी तपासून आणा म्हणतात. दिवसभर हेडफोन लावून बसतो ना."

"काम काय करता?" माहीत असून विचारलं.

"रेडिओवर आहे." हे सांगितल्यावर समोरचा माणूस सहसा खुलतो, म्हणून तो थोडा थांबला. ती खुलली नाही. "संध्याकाळी एक कार्यक्रम असतो. आजवरची सर्वांत थोर शंभर गाणी—"

"आत बसा," ती म्हणाली.

आत म्हणजे कपाटाएवढ्या एका खोलीत. भिंतींना स्पंज, जाड दार, मधे काच. पेशंटने आत हेडफोन लावून बसायचं, हातात एक बटण धरायचं. बाहेरून ती मशीनमधून बारीक शिट्ट्या सोडणार, आधी उजव्या कानात, मग डाव्या. ऐकू आलं की बटण दाबायचं, म्हणजे तिच्या टेबलावरचा दिवा लागतो. इतकं सोपं. आजीबाईंपासून शाळेतल्या पोरांपर्यंत सगळ्यांना जमतं. या महाशयांनी हेडफोन घातला तो उजव्या कानावर नीट आणि डावी वाटी सरळ कानामागे ढकललेली.

"दोन्ही कान झाका," ती माइकमधून कडाडली. "हा तुमचा रेडिओ नाही."

"सवय हो," तो हसत म्हणाला आणि त्याने वाटी पुढे ओढली.

आता, एवढा राग कशाचा? तर ऐका.

शंभर गाणी थोर आहेत हे कुणी ठरवलं? याने. कुठलं कितवं हे कुणी ठरवलं? यानेच. शंभरापासून सुरुवात करून रोज एक गाणं, एक एक पायरी वर. मधे श्रोत्यांचे फोन. श्रोत्याने आपलं गाणं सांगायचं आणि याने त्यावर काहीतरी चुरचुरीत बोलायचं. उचलली जीभ लावली टाळ्याला. लोक हसायचे. तीही हसायची, खोटं कशाला बोला. घरी तिच्या आईचा स्वयंपाक आणि तिची इस्त्री त्या कार्यक्रमावरच चालायची.

मग एके संध्याकाळी आईने हात पुसले आणि स्वतः फोन लावला. आयुष्यात पहिल्यांदा. लागलाही. आईने लाजत लाजत एका जुन्या गाण्याचं नाव सांगितलं. दाराचं गाणं. त्यातली बाई विचारते, "दारात कोण उभं, सांग ना?" हेच ती चार प्रकारांनी विचारत राहते. आणि हा म्हणाला, "अहो बाई, ते गाणं? त्यात ती बिचारी विचारतेय, विचारतेय, समोरून हूं नाही की चूं नाही! कुणीतरी तिला एकदा सांगून टाका, की समोर कुणी नाहीच!" वर हशाची रेकॉर्ड.

आईने फोन ठेवला. "खरंच आहे," एवढंच म्हणाली. रेडिओ बंद केला आणि त्यावर कापड घातलं.

कारण समोर माणूस होता. बाबा होते. बाबा टेलिफोनच्या तारा जोडायचे, तारा ओढायची त्यांना हौसच. ही लहान असताना त्यांनी घरातल्या रेडिओच्या स्पीकरची एक पेटी बाहेरच्या खोलीत ठेवली आणि दुसरी लांब वायर ओढून स्वयंपाकघरात नेली होती. ते गाणं लागलं की गंमत व्हायची. बाई विचारायची स्वयंपाकघरात आणि बाप्या उत्तर द्यायचा बाहेरच्या खोलीत. मग रेडिओ नसतानाही तोच खेळ. आई पोळ्या लाटता लाटता विचारणार, "दारात कोण उभं, सांग ना?" आणि बाबा गालाला साबण फासलेल्या अवस्थेत बाहेरून, भयंकर बेसूर, "मीच गं, आणखी कोण असणार?" म्हणणार. बाबांना जाऊन आता दुसरं वर्ष चालू होतं. आणि हा रेडिओवाला सगळ्या गावासमोर आईला सांगतो, समोर कुणी नाहीच.

बाबा तिला ठिणगी म्हणायचे. त्या दिवशी ती ठिणगीची शेगडी झाली होती.

तपासणी संपली. तिने मुद्दाम बारीकात बारीक शिट्टी सोडून पाहिली, दिवा दर वेळी लागला. पलीकडच्या घरात पाल चुकचुकली तरी याला ऐकू यावं असे कान.

"कान उत्तम आहेत," ती म्हणाली. चांगली बातमी इतक्या रागाने क्वचितच कुणी दिली असेल.

"मग चेहरा असा का?"

"कान उत्तम असून ऐकू येत नसेल, तर त्याला आमच्याकडे इलाज नाही."

तो उठता उठता परत बसला. "काय ऐकू आलं नाही मला?"

खरं कारण तिच्या ओठांवर आलं होतं... तिने ते गिळलं. आईचं दुःख याच्यासमोर काढायचं? म्हणजे हा कळवळणार, माफी मागणार आणि दया येऊन गाण्याला कुठेतरी कोपऱ्यात जागा देणार. दया नको होती. न्याय हवा होता. म्हणून तिने दुसराच दगड उचलला.

"बासष्टावं काय लावलंत? ते गाडीच्या शिट्टीचं गाणं? त्यात गाण्यापेक्षा शिट्टी जास्त आहे. आणि ते लाजाळूच्या झाडाचं, ज्यावर निम्मं गाव लग्नाला तयार झालं, ते ऐंशीवं? गाढवाला गुळाची चव काय!"

त्याचा चेहरा असा उजळला, की तिला आणखीनच राग आला.

"तुम्ही ऐकता!"

"ऐकत होते. आता आमच्याकडे बंद असतो."

"बिघडला का?"

"हो."

"रेडिओ?"

"रेडिओवाला."

तो मोठ्याने हसला. दारापर्यंत गेला, वळला. "हे भांडण असं उभ्या उभ्या उरकण्यासारखं नाही. आमच्या फाटकाशेजारी चहा बरा मिळतो. पाच वाजता मी मोकळा असतो."

"मी भांडत नाही," ती म्हणाली. "बरोबर काय ते सांगते."

जायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी पाचला ती फाटकाशी होती. केवळ लाजाळूच्या झाडासाठी.

पाऊस वगैरे काही पडत नव्हता. प्रेमकथेला लागतो तो पाऊस त्या महिन्यात त्या गावाच्या वाट्याला आलाच नाही. ऊन मात्र भरपूर होतं, आणि रेडिओच्या फाटकाशी एक बाक, त्या बाकाला अर्धीच सावली. रोज तो उन्हाच्या बाजूला बसायचा. हे तिच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी लक्षात आलं आणि तिने ते लक्षात आलं नसल्यासारखं केलं.

तिने पहिल्याच दिवशी अट घातली. "एका गाण्याबद्दल बोलायचं नाही."

"कुठलं?"

"त्याचं नाव निघालं तर मी उठून जाईन."

"पण नाव कळल्याशिवाय मी ते टाळू कसा?"

"नशिबावर सोडा."

बाकी सगळ्या गाण्यांवर मात्र त्यांनी एकमेकांचे केस ओढायचे तेवढे बाकी ठेवले. चंद्राला शिव्या देणारं ते गाणं थोर, असं तो म्हणायचा, कारण त्याची चाल पहिल्यांदा ऐकतानाही जुनी ओळख निघाल्यासारखी वाटते. तिचं म्हणणं, मग ती चाल चोरलेली असेल. तो म्हणायचा, गाणं एवढं रेखीव हवं, की एक सूर इकडचा तिकडे झाला तर सगळं कोसळावं.

"ते गाणं नव्हे, पत्त्यांचा बंगला झाला," ती म्हणाली. "थोर गाणं ते, जे म्हणणाऱ्याला सूर नसला तरी मोडत नाही."

"म्हणजे आता बेसुरांनी ठरवायचं?"

"मग कुणी? जगातली गाणी बहुतेक बेसूर माणसंच म्हणतात. नळाखाली, जिन्यात, पोराला थोपटताना. तुमची सुरेल माणसं आहेत तरी किती?"

तो कप दोन्ही हातांत धरून तिच्याकडे बघत राहिला... जरा जास्तच वेळ.

"काय?" ती खेकसली.

"काही नाही. चहा निवला."

फाटकावरचे चौकीदारकाका हे सगळं रोज ऐकायचे. एक दिवस त्यांच्याने राहवलं नाही. "थोर गाणं ते, ज्याने मूल झोपतं," ते म्हणाले. "जागं काय, कुत्रंही भुंकून करतं. आणि तुम्ही दोघं एवढं भांडता, तर घरच्यांना कळवलंय का?"

"कशाबद्दल?" दोघं एकदम म्हणाली.

"मला काय माहीत," काका म्हणाले आणि फाटक उघडायला गेले.

घरी आई फार बोलायची नाही. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज तेवढा. "उशीर झाला गं आज."

"पेशंट होते."

"पेशंट हल्ली पावडर लावून यायला सांगतात वाटतं."

ती लालबुंद झाली. राग आईचा नव्हता, स्वतःचा होता. ज्याने आईचं गाणं पायदळी तुडवलं, त्याचं तुटलेलं बटण आपल्याला का दिसावं? ते कुणी लावून देत नाही याचं आपल्याला का वाईट वाटावं? आणि समोरच्या खोलीत कापडाखाली रेडिओ मुका बसलेला. त्याच्याकडे बघितलं की तिला आपण फितूर झाल्यासारखं वाटे. तरी पाच वाजले की पाय फाटकाकडे वळत. पायांना कान नसतात हेच खरं.

शेवटची दहा गाणी उरली, त्याच्या आदल्या संध्याकाळी तो म्हणाला, "आज वर चला. बघा तरी मी कुठे बसतो."

स्टुडिओ तिच्या तपासणीच्या खोलीसारखाच निघाला. तसाच स्पंज, तसंच जाड दार, तशीच काच. फक्त इथे काचेच्या आत तो होता आणि तोच बोलत होता. ती कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून बघत राहिली. माइकशी बोलताना तो कुणाशी तरी एकट्याशी बोलल्यासारखा बोलायचा. अकरावं गाणं संपलं, लाल दिवा विझला. तो खुर्ची फिरवून तिच्यासमोर आला, हेडफोन डोक्यावर तसाच.

"मी ओळखलं," तो म्हणाला. "दाराचं गाणं. हो ना? बसा, उठू नका. तुम्ही रेडिओ बंद केला कधी, आणि मी त्या सुमारास काय बोललो होतो, याची सांगड घातली. मग ते गाणं काढून पुन्हा ऐकलं. एकदा नाही, बऱ्याचदा. तुमच्यासाठी ते मला आवडावं असं फार वाटत होतं. पण..."

"पण काय?"

"मला गाण्यांबद्दल खोटं बोलता येत नाही. एकटी बाई विचारत राहते. मधे नुसतं वाजत राहतं. उत्तर नाही. ते अर्धं गाणं आहे हो."

ती ताडकन उठली. स्टूल आडवं झालं.

"उत्तर नाही? तुमच्यासारख्या शहाण्याला ते उत्तर वाटत नसेल! रोज घरी येणाऱ्या माणसाने आणखी काय म्हणायचं असतं? कविता? 'मीच गं, आणखी कोण असणार?' याच्यापेक्षा मोठं उत्तर कुठल्या बाईला कुणी दिलंय, दाखवा मला! तुमच्या चंद्राच्या गाण्यात आहे? शिट्टीच्या आहे?"

"हे... काय म्हणालात?"

"पुन्हा म्हणू? थट्टा करायला?"

"थट्टा नाही. 'मीच गं' हे कुठल्या गाण्यात आहे?"

ती त्याच्याकडे बघत राहिली. हा थट्टा करत नव्हता. चेहऱ्यावर खरोखरच काही नव्हतं, शाळेत धडा न वाचता आलेल्या मुलासारखा तो बसला होता. आणि तेव्हा तिचं लक्ष त्याच्या डोक्याकडे गेलं. हेडफोनची उजवी वाटी कानावर. डावी कानामागे.

"तुम्ही... नेहमी असंच लावता?"

"हो, पहिल्या दिवसापासून. आमच्यात सगळेच. एका कानाने गाणं, दुसऱ्याने स्वतःचा आवाज ऐकायचा. का?"

"ते गाणंही असंच ऐकलंत? इथेच?"

"इथेच. घरी मी गाणी ऐकत नाही. हलवाई घरी मिठाई खातो का? पण झालं काय?"

स्वयंपाकघरात बाई. बाहेरच्या खोलीत बाप्या. एक आवाज या पेटीत, दुसरा त्या पेटीत. त्या काळात दोन पेट्यांचं नवल होतं, म्हणून रेकॉर्डिंगमध्ये दोन आवाज मुद्दाम वेगळे ठेवायचे. तिला हसावं की त्याच्या डोक्यात स्टूल घालावं, कळेना.

"उद्या सकाळी दवाखान्यात या," ती म्हणाली. "गाणं घेऊन."

सकाळी तो आला तेव्हा दवाखाना अजून उघडायचा होता. तिने त्याला काचेआड बसवलं, हातात बटण दिलं आणि यंत्राला गाणं जोडलं.

"दोन्ही कान झाका."

त्याने झाकले. तिने आधी फक्त उजवी बाजू चालू केली. बाई विचारू लागली. मधे नुसतं वाजत राहिलं. तो काचेतून तिच्याकडे बघून खांदे उडवत होता, की बघा, मी काय म्हणत होतो! मग तिने डावी बाजू चालू केली.

'दारात कोण उभं, सांग ना?'

'मीच गं, आणखी कोण असणार?'

तिच्या टेबलावरचा दिवा लागला. त्याला स्वतःला कळलंही नसावं; ऐकू आल्यावर बटण दाबायचं, एवढंच बोटाला माहीत होतं. बाई पुन्हा विचारायची, बाप्या पुन्हा उत्तर द्यायचा, दिवा पुन्हा लागायचा. शेवटच्या कडव्यात तर तो लागला तो विझलाच नाही. काचेपलीकडे बटण घट्ट दाबून धरून तो खाली मान घालून बसला होता.

बाहेर आल्यावर त्याने आधी तेच विचारलं, जे तो विचारेल याची तिला भीती होती. "त्या दिवशी फोनवर होत्या त्या बाई... तुमच्या कुणी?"

"आई."

"आणि त्यांना उत्तर देणारे..."

"बाबा. ते गेले. त्यांच्यानंतर ते गाणं तिने पहिल्यांदाच मागितलं होतं."

"इतके दिवस सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं तर तुम्ही दया केली असती. मला तुमची दया नको होती."

तो गेला. अक्षरही न बोलता. एक 'माफ करा' नाही, 'येतो' नाही. ती दाराकडे बघत उभी राहिली आणि मग जी भडकली! इतकी भांडली त्याच्याशी, उन्हात बसवलं त्याने स्वतःला, कप निवेपर्यंत बघत बसला, आणि वेळ आली तेव्हा शेपूट घालून पळाला? दहावं गाणं झालं, नववं झालं, आठवंही झालं असेल. तिने ऐकलं नाही. पाच वाजता ती फाटकाशी गेली नाही. तिच्या पायांनी दोनदा प्रयत्न केला, पण तिने त्यांना दटावलं. आणि रात्री उशीत तोंड खुपसून कबूल केलं, की दुखतंय ते वेगळंच आहे. गाण्याचा निकाल लागला होता, पण तिला आता तो माणूस हवा होता.

चौथ्या दिवशी दवाखान्यात फोन आला. त्याचाच. "आज संध्याकाळी आईंना रेडिओ लावायला सांगा," म्हणाला आणि तिने तोंड उघडायच्या आत ठेवून दिला. चोर तो चोर!

"आई, आज रेडिओ लाव."

"नको गं."

"माझ्यासाठी."

आईने तिच्या तोंडाकडे बघितलं. मग काही न विचारता कापड उचललं, घडी केली. स्वयंपाकघरातली पेटी तिने बाबा गेल्यावर काढून ठेवली होती. ठिणगीने स्टुलावर चढून ती परत वायरला जोडली. बाबांसारखीच, दातांनी वायर सोलून.

"काही दिवसांपूर्वी," तो आवाज म्हणाला, आज त्यात एकही शब्द सजवलेला नव्हता, "एका बाईंनी इथे फोन करून एक गाणं मागितलं. मी ते लावलं नाही, वर त्यांची थट्टा केली. म्हणालो, समोर कुणी नाहीच. बाई, समोर माणूस होता. सगळं गाणंभर होता. मीच त्याला कानामागे ढकलून बसलो होतो. मला ते समजायला एका फार रागीट माणसाची मदत झाली. तुमची मी सगळ्यांसमोर थट्टा केली, म्हणून सगळ्यांसमोर माफी मागतो. आजचं सातवं गाणं."

आई स्वयंपाकघरात उभी होती. बाईचा आवाज तिच्या डोक्यावरून आला, 'दारात कोण उभं, सांग ना?' आईचे ओठ तिच्याबरोबर हलले. आणि बाहेरच्या खोलीतून, रिकाम्या खुर्चीच्या मागून उत्तर आलं. आईने डोळ्यांना पदर लावला, पण ती हसत होती. पुढचं कडवं तिने मोठ्याने म्हटलं. मध्यभागी, उंबऱ्यावर उभी असलेली तिची लेक ढसाढसा रडत होती. गाणं संपलं आणि मग तिच्या डोक्यात काहीतरी टोचलं.

"सातवं?" तिने नाक पुसलं. "सातवं! याच्या वर सहा गाणी? कुठली सहा? ते चंद्राचं घातलं असणार त्याने! आई, बघतेस ना तू?"

"अगं, मला नंबर कुठे हवा होता," आई म्हणाली. "मला नुसतं ते लागायला हवं होतं. खरं सांगू? सातवं म्हणजे जरा जास्तच झालं."

"आई!"

आई कणीक मळायला लागली. बऱ्याच दिवसांनी त्या स्वयंपाकघरात कुणीतरी गुणगुणत होतं. ठिणगी मात्र खोलीत येरझारा घालत राहिली. समोर आला तर असं बोलेन, तसं बोलेन, लाजाळूच्या झाडापासून सुरुवात करेन...

बेल वाजली.

या वेळी कोण येणार, हे तिला ठाऊक होतं. जिन्यातली पावलं तिने मघाशीच ओळखली होती. कानांचा धंदा उगीच नव्हता. दाराशी जाऊन तिने कडीवर हात ठेवला आणि उघडली नाही.

"कोण आहे?" तिने शक्य तितक्या रागाने विचारलं.

पलीकडे घसा खाकरल्याचा आवाज. मग तो आवाज, ज्याच्या नुसत्या बोलण्यावर सगळं गाव भाळलं होतं, गायला लागला, आणि देवा, काय बेसूर! एकही सूर जागेवर नाही.

"मीच गं... आणखी कोण असणार?"

तिने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. हसू डोळ्यांतून सांडलं. गाणं मात्र मोडलं नव्हतं. इतक्या वाईट गळ्यातूनही उभंच्या उभं होतं.

"अहो, 'गं' कुणाला म्हणता?" ती दाराआडून कशीबशी म्हणाली.

"गाण्यात तसंच आहे."

"आणि सातवं का?"

"मला सातवंच वाटतं. मी गाण्यांबद्दल खोटं बोलत नाही." तो थांबला. पुन्हा बोलला तेव्हा आवाज अगदी खाली आला होता. इतका बारीक, की तो ऐकायला तिचेच कान हवेत. "आणि पहिलं दिलं असतं, तर तुमच्याशी रोज भांडायला माझ्याकडे काय उरलं असतं? मला ते... कायमचं हवं आहे."

तिने कडीवरचा हात काढला नाही, कडी सरकवलीही नाही. ही अशी गोष्ट कुणी दाराबाहेर उभं राहून विचारतं? तिला इतका राग आला, की बोलताच येईना.

"दार उघड गं ठिणगे," आतून आईचा आवाज आला. "तुझ्या बाबांपेक्षा बराच सुरात आहे."